सहावा गोल

भाईचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा, नातू अयान हल्ली मला फुटबॉल शिकवतो. दुपारी शाळेतून आला की दप्तर एका कोपऱ्यात फेकतो, मोबाइल घेऊन माझ्या खाटेवर चढतो आणि आशियातले देश विश्वचषकाला कसे पात्र ठरतात ते मला बोटं मोजून समजावतो. तिथं कोणी थेट जात नाही म्हणे. आधी देशांचे गट पडतात. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. वरचे दोघे पुढच्या फेरीत, बाकीचे बिस्तरा गुंडाळून घरी. दोघांचे गुण सारखे झाले तर, असं मी मुद्दाम विचारतो. मग तो माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहतो आणि म्हणतो, तर गोलफरक, छोटे दादा, किती मारले वजा किती खाल्ले. आणि शेवटचे सामने सगळे एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल पाहून कोणाला खेळता येत नाही. पोरगं असं सांगतं की जणू नियम त्यानंच बसवले. मी मान हलवतो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, अख्ख्या शाळेत माझ्या रागाचा दरारा होता, पण 'गोलफरक' हा शब्द कानावर पडला की माझी नजर आपोआप आतल्या खोलीकडे जाते. तिथं भाई पडलेला असतो. श्वासाच्या मशीनची घरघर चालू असते. अयानला वाटतं, दादा झोपलेत. मला ठाऊक आहे, तो सगळं ऐकत असतो.

पांढरकवड्यात आमचं घर हायवेला लागून होतं. पुढं अब्बाचं गॅरेज, मागं आम्ही. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ट्रक बिघडला की आमच्या दारात यायचा, आणि बिघडलेला ट्रक ड्रायव्हर-क्लीनरसकट दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचा. मी घणाच्या आवाजात अभ्यास केला, हवा भरायच्या मशीनच्या धडधडीत झोपलो. आजही फार शांत जागी मला झोप लागत नाही, बायको हसते. घरात बारा महिने डिझेलचा वास. अम्मी म्हणायची की या घरात रोटीलाही ग्रीस लागतं, आणि लागायचंच. अब्बा बोलायला कमी. हाताला जे लागेल ते फेकून बोलवायचा, नट नाहीतर बोल्ट, पण नेम असा की कधी लागला नाही. घरात आमची बोली हिंदी, बाहेर वऱ्हाडी. आम्ही दोघं भाऊ मात्र भांडायला लागलो की घरातही वऱ्हाडीवर यायचो, कारण हिंदीत भांडणाला पाहिजे तशी धार येत नाही. भाईचं नाव रफिक, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. मी युसूफ. मी हिशेबाचा पक्का, तो पायाचा. त्याच्या पायात चेंडू आला की बाजारातली माणसं सायकल थांबवून बघायची. हे भाऊ म्हणून सांगत नाही. मी आयुष्यात फार कमी लोकांची तारीफ केली आहे, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

आमच्या शाळेला फुटबॉलचं वेड लावलं ते वानखडे सरांनी. स्वतः सडपातळ, चष्मा लावणारे, धावले तर धोतराच्या सोग्यासारखे हलायचे, पण खेळाची अक्कल काय होती त्या माणसाला! दिल्लीला दरवर्षी शाळांची एक मोठी स्पर्धा व्हायची, तिथं बाहेरच्या देशांतल्या शाळाही खेळायला येत. गोरी पोरं, काळी पोरं, शेजारच्या देशांतली पोरं. सरांनी एकदा फळ्यावर शिडी काढली. सगळ्यात खाली तालुका, वर जिल्हा, त्याच्यावर अमरावती विभाग, त्याच्यावर राज्य, आणि वर दिल्ली. प्रत्येक पायरीवर एकच संघ चढणार. सर म्हणाले, पोट्टेहो, जग तिथं बसलं आहे, आणि जगाकडे जायचा रस्ता आपल्या तालुक्याच्या मैदानातून जातो. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि गुणांचे नियम मला पाठ करायला लावले, कारण कप्तान मी होतो. भाई मोठा आणि शंभरपट चांगला, पण सरांचं मत असं की रफिकनं गोल मारावे आणि युसूफनं डोकं वापरावं. हे डोकं काय कामाचं निघालं ते आता सांगतो.

वयाची अट सतरा वर्षांची होती. भाईचं ते शेवटचं वर्ष. दहावीत तो एकदा नापास झाला होता, दुसऱ्यांदा कसाबसा निघाला होता, आणि शाळेच्या पुढच्या वर्गात खेळापुरता बसला होता. नागपूरच्या एका कॉलेजचे खेळाचे मास्तर सरांच्या ओळखीचे. त्यांनी शब्द दिला होता की राज्यापर्यंत खेळलेल्या पोराला आपल्याकडे प्रवेश, राहणं-खाणं सगळं कॉलेजचं. सर हे सांगायला स्वतः गॅरेजमध्ये आले. अब्बा ट्रकखाली होता. तो बाहेर आलाच नाही, खालूनच ऐकून घेतलं. सरांचं बोलणं संपल्यावर बराच वेळ पान्याचा आवाज आला आणि मग अब्बानं खालूनच सांगितलं की जिल्ह्यातून वर गेला तर तुमचा, नाही गेला तर माझा. सोमवारपासून खड्ड्यात उतरेल. आमच्याकडे ट्रकखाली उभं राहून काम करायला जमिनीत सिमेंटचा खड्डा होता, त्याबद्दल तो बोलत होता. भाई दारात उभा राहून ऐकत होता. त्या आठवड्यात तो रोज पहाटे एकटाच मैदानावर जायचा, आणि परत आला की अम्मीनं ठेवलेली शिळी भाकर दुधात कुस्करून उभ्यानं खायचा. बसायला त्याला वेळ नव्हता.

त्या वर्षी जिल्ह्याचे सामने आमच्या गावात आले. यवतमाळच्या मैदानावर कसलंसं प्रदर्शन लागलं होतं. बरेचसे तालुके आलेच नाहीत, काहींची पोरं कापसाच्या वेचणीला, काहींकडे मास्तर नाही. उरले तीन संघ. आम्ही, यवतमाळची एक शाळा, आणि मारेगावच्या पलीकडच्या डोंगरातली एक आश्रमशाळा. तिघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं, ज्याचे गुण जास्त तो वर. गुण सारखे झाले तर गोलफरक. तोही सारखा झाला तर नाणं. सरांनी मला तीनदा विचारलं, कळलं? मी तीनदा हो म्हणालो, आणि मला खरंच कळलं होतं. नियम कळला नाही असं म्हणायची सोय मला नाही.

पाहुणे शाळेच्या हॉलमध्ये उतरले. पण जेवायला त्यांना घरोघर वाटून दिलं, दोन-दोन, तीन-तीन. ती आमच्या गावची रीत. बारात असो, उरूस असो, बुद्धजयंतीला बाहेरगावची माणसं येवोत, पाहुणा कोणाचाही असला तरी ताट मोहल्ल्याचं. वानखडे सरांच्या घरी यवतमाळची तीन पोरं गेली. आमच्या घरी आश्रमशाळेची तिघं आली, त्यांत त्यांचा गोलकीपर टेकाम. बुटका, रुंद खांद्याचा, गुडघ्यावर खरवडल्याच्या जुन्या खुणा. अम्मीनं वांग्याची भाजी, तुरीच्या दाण्यांचं आळण, ज्वारीच्या भाकरी आणि शेवयांची खीर केली होती. टेकाम मान खाली घालून जेवत होता आणि अम्मी मागून येऊन भाकर टाकत होती. मी गंमत म्हणून मनात मोजत होतो, सहा झाल्या, सात झाल्या. ते अम्मीला कसं कळलं देव जाणे. आत गेल्यावर तिनं माझा कान धरला. घरात जेवलेल्या माणसाचं मोजायचं नसतं, म्हणाली, आणि त्याला शरम वाटेल असं काही करायचं नसतं, तो गावाच्या बाहेर पडेपर्यंत. तिला जे म्हणायचं होतं ते भाकरींबद्दल होतं. मी ते मैदानावर घेऊन गेलो.

पहिला सामना आमचा आणि यवतमाळचा, एक-एक बरोबरी. आमचा गोल भाईचा. म्हणजे आता दोघांनाही आश्रमशाळेशी खेळायचं होतं आणि जो जास्त फरकानं जिंकेल तो जाणार, एवढं उघड होतं. दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवायला यवतमाळचे सर आले. म्हणाले, पोरं दमली आहेत, आम्हाला दुपारचा सामना द्या, तुम्ही सकाळी खेळा. वानखडे सर माझ्याकडे बघायला लागले. मी कप्तान, वर यजमान. पाहुण्यानं मागितलं आणि आपण नाही म्हणायचं? मी म्हणालो, घ्या ना सर, दुपारचा घ्या. दुपारी खेळणाऱ्याला आकडा माहीत असतो, सकाळी खेळणाऱ्याला नसतो, हे अयानला आज दहाव्या वर्षी कळतं. मला त्या दिवशी कळत असूनही सुचलं नाही. सर काही बोलले नाहीत. नंतर कितीतरी वर्षं मला त्यांच्या न बोलण्याचाच राग येत राहिला.

सकाळी मैदानाभोवती निम्मं गाव. आश्रमशाळेची पोरं धावायला हरणासारखी, पण चेंडू एकमेकांना देणं त्यांना ठाऊक नव्हतं, सगळी चेंडूमागे एकत्र पळायची. मध्यांतरापर्यंत आमचे तीन झाले. मग चार, मग पाच. पाचपैकी चार भाईचे. आमच्या बाजूची पोरं टाळ्या पिटायला लागली, कोणीतरी डबा वाजवायला लागलं, आणि कोणीतरी टेकामला हसलं. गोल झाला की तो जाळ्यातून चेंडू काढायला वाकायचा. जाळं म्हणजे आमच्या गावच्या मासे धरणाऱ्यांकडून आणलेलं जुनं जाळं, त्यात चेंडू अडकायचा, आणि तो सोडवेपर्यंत लोक हसत राहायचे. पाचव्या वेळी त्यानं चेंडू सोडवला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. काल रात्री आमच्या घरी हात धुतल्यावर त्यानं असंच तोंड पुसलं होतं, अम्मी टॉवेल घेऊन उभी असताना. पाच पुष्कळ झाले, असं मला वाटलं. पाचावर कोण जातंय? आणि यवतमाळची पोरंही काल याच गावात जेवली होती, त्यांनाही खाल्ल्या मिठाची काही चाड असेलच की.

शेवटची काही मिनिटं उरली असताना भाई एकटा निघाला. दोघांना मागं टाकलं, टेकाम पुढं झेपावला, त्यालाही चुकवलं. पुढं कोणी नव्हतं. मी मधल्या रेषेवर होतो, तिथून ओरडलो.

"भाई, बस झालं! पाहुने हायेत!"

भाईनं पाय मागं घेतलेला होता. तो थांबला. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गॅरेजमध्ये अब्बानं एखादा पाना मागितला आणि ऐकू आला नाही तर तो असंच पाहायचा, खरंच हाच मागितला का, असं. मी हात खाली करून पुन्हा खूण केली. मग त्यानं चेंडू पायाच्या आतल्या बाजूनं हळूच टेकामकडे ढकलला, एखाद्या लहान पोराला द्यावा तसा. लोकांना वाटलं रफिक मस्ती करून राह्यला. सगळे हसले. शिटी वाजली, पाच-शून्य.

हात मिळवताना टेकाम भाईसमोर उभा राहिला. सगळ्या मुक्कामात त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला असेल.

"तू मारला काहून नाही बे?" तो म्हणाला. "मारून पाह्याचा होता. मी पकडला असता."

पाच गोलांनी त्याचं काही बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते त्या सहाव्यानं, जो आम्ही त्याला भीक म्हणून घातला. मी मनात म्हणालो, जाऊ दे, पोट्टं आहे, रागात आहे. एवढा शहाणा मी.

दुपारचा सामना आम्ही मैदानाच्या कडेला बसून पाहिला. अम्मीनं डब्यात पोहे पाठवले होते, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी वर. कोणी हात लावला नाही. यवतमाळच्या पोरांना आकडा पाठ होता. त्यांचे सर कडेनं पळत बोटं दाखवत होते, अजून तीन, अजून दोन. त्यांनी काही वाईट केलं नाही, खेळ असाच खेळायचा असतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही पुढं सांगत आलो. टेकामनं त्या सामन्यात जे चेंडू अडवले तसे मी नंतर टीव्हीवरही थोडे पाहिले. तोंडावर घेतला, छातीवर घेतला, एकदा खांबावर आपटून उठला. सकाळचा राग तो त्यांच्यावर काढत होता. पाच झाले. वेळ संपत आली. भाई गुडघ्यांभोवती हात घालून बसला होता आणि ओठ हलवत होता. पहिल्यांदा मला वाटलं दुवा करून राह्यला. मग ऐकलं तर तो टेकामशी बोलत होता, उजवीकडे, उजवीकडे जाय, असं. शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला, कोणाच्या तरी डोक्याला लागला आणि टेकामच्या हातांखालून आत गेला. सहा. शिटी वाजली तेव्हा टेकाम जाळ्याला धरून उभा होता, आणि भाई उठून घरी निघाला होता.

आमचेही सहा असते तर नाणं उडालं असतं. मी एवढंच म्हणतो. जिंकलो असतो असं मी कधीच म्हटलं नाही. पण नाण्याला दोन बाजू असतात, आणि त्यातली एक भाईची असती.

अब्बा रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं सोमवारची वाटही पाहिली नाही, रविवारीच एक जुना खाकी शर्ट खुंटीवर टांगला, भाईच्या मापाचा. अम्मीला मी सगळं सांगितलं, तिनं शिकवलं तसंच मी केलं, हेही सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड आत सरकवून म्हणाली, अरे, मी भाकरीचं बोलले होते. त्यानंतर आमच्या घरी पाहुणा आला की ती जेवण वाढायची, पण तो उपदेश तिनं पुन्हा कोणाला केला नाही. भाई खड्ड्यात उतरला तो पंचेचाळीस वर्षांनी वर आला, तेही छातीतून आवाज यायला लागला म्हणून. चेंडूला त्यानं परत पाय लावला नाही. गॅरेजसमोर मोहल्ल्याची पोरं खेळत, कधी चेंडू ट्रकखाली जायचा, तर तो हातानं उचलून द्यायचा. ते बघवत नसे मला.

आणि मी? एक पोरगा गॅरेजला लागला म्हणून दुसरा सुटला. मी नागपूरला शिकलो, मास्तर झालो, पेन्शन घेतो. भाईच्या त्या न मारलेल्या गोलावर माझं घर उभं आहे, असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, असं काही बोलत जाऊ नका. तिनं दुसरं म्हणायचं तरी काय? या वयात माणूस अल्लाकडे माफी मागतो. माझी माफी पलीकडच्या खोलीत पडून होती, आणि मला दार ओलांडता येत नव्हतं. वर्गात पोरांना मी दरडावून सांगायचो, चूक कबूल करायला दम लागतो. अरे वा रे मास्तर.

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर आत गेलो. अयान बाहेर मोबाइलवर कुठलासा पात्रतेचा सामना पाहत होता, मधूनच ओरडत होता, अजून एक पाहिजे, अजून एकच. मशीनची नळी भाईच्या नाकाला होती. हातांची नखं आजही काळी आहेत, ते काळं आता जायचं नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि इतक्या वर्षांत जे वाक्य हजारदा घोकलं होतं ते अर्धंच निघालं.

"भाई, त्या दिवशी म्या आवाज दिला नसता तर…"

त्याला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. त्यानं डोळे मिटले.

"त्यानं पकडला असता," भाई म्हणाला. "टेकाम म्हनलाच होता ना तवा. कायले मनाले लावून घेतं? पकडला असता त्यानं."

आणि माझ्या हातावर हात ठेवून थोपटला. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पण मी मधल्या रेषेवर उभा होतो, मला सगळं दिसत होतं. टेकाम मागं राहिला होता, पालथा पडलेला, तोंडातली माती थुंकत होता. गोल सगळा उघडा होता. भाईला तो माझ्यापेक्षा जवळून दिसत होता.